तीनशेवी आर्डिथ

लॉरेल बेंडच्या शाळेत आर्डिथ केसेन्सने एकतीस वर्षं स्वयंपाक केला. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाने तिच्या हातची कोंबडी-नूडल्स खाल्ली आहेत, आणि ताटात टाकलं म्हणून तिची बोलणीही. फिरत्या नाटकाच्या बोटीवरून मी या गावात उतरलो आणि इथलाच झालो, तेव्हा शाळेच्या रंगमंचाचा पडदा तिने पिठाच्या पोत्यांचा शिवून दिला. चाळीस वर्षांच्या धंद्यात इतका सरळ पडणारा पडदा मी दुसरा पाहिला नाही.

म्हातारपणी नदीची ओल तिच्या छातीत बसली. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत जा. ॲरिझोनात तिची बहीण नोला एकटीच राहायची, तिने खोली पिवळ्या रंगाने रंगवून घेतली आणि फोन केला, "ये आता." आर्डिथने एकोणतीस मार्चचं बसचं तिकीट काढलं.

आमच्याकडे निरोप द्यायचा तर प्रत्येक घरातून एकेक पदार्थ येतो. आगीचा बंब शेडबाहेर काढायचा, आत लांब टेबलं मांडायची, आधी प्रार्थना आणि मग डोकी मोजायची, प्लेटा कमी पडू नयेत म्हणून. आजारी माणसांची, घरी राहिलेल्यांचीही नावं घ्यायची, कारण त्यांना डबे जातात. हे काम डेल्बर्ट योकमचं, आमच्या ग्राममंडळाच्या अध्यक्षाचं. आर्डिथच्या निरोपाच्या रविवारी तो मोजता मोजता थबकला.

"तीनशे," तो म्हणाला. "मिस आर्डिथना धरून."

वाढणाऱ्यांचे डाव तिथेच थांबले. नदीच्या खालच्या अंगाला पोर्ट व्हेरिलला जुगाराची बोट आहे. तिच्या कराचा अर्धा वाटा पोर्टला मिळतो आणि उरलेला काउंटीतल्या, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या, छोट्या गावांना, डोक्यांच्या हिशेबाने. पण जनगणनेत गाव तीनशेच्या खाली गेलं की त्याचा वाटा बंद. तोही पोर्टला जातो. आमची ॲम्ब्युलन्स आणि ती चालवणारी दोन माणसं त्याच वाट्यावर जगतात. इस्पितळ चाळीस मैलांवर. आणि जनगणनेचा दिवस होता एक एप्रिल.

"परत मोज की!" मागून कोणीतरी ओरडलं.

"दोनदा मोजलंय."

"लोरीनला दिवस गेलेत ना?"

"जूनमध्ये आहे," लोरीन म्हणाली. "आणि गावासाठी मी काही घाई करणार नाहीये."

हशा पिकला आणि लगेच विरलाही. डेल्बर्ट टोपी हातात घेऊन आर्डिथसमोर उभा राहिला.

"मिस आर्डिथ, दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे. एक तारीख झाली की मी स्वतः तुम्हाला बसवर सोडतो."

"डेल्बर्ट, सहावीत असताना तू एकच बिस्किट म्हणून चार पळवायचास."

"तेव्हा लहान होतो हो."

"आता मोठा झालास. आता माणसं पळवतोस."

पण राहिली ती. एक एप्रिलला तिचं नाव कागदावर चढलं. तीन तारखेला तिने सामान बांधलं आणि चारला डेल्बर्ट पुन्हा दारात. पोर्टने तक्रार केली होती की लॉरेल बेंडने माणसं फुगवून दाखवली. आता काउंटी सुनावणी घेणार होती. यादीतलं कोणी गाव सोडून गेलेलं दिसलं तर त्याचं नाव खोडतील, असं डेल्बर्टने ठामपणे सांगितलं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

सुनावणी जूनची होती. ती सप्टेंबरवर गेली, मग ऑक्टोबरवर. बसच्या तिकीट-खिडकीवरची मुलगी फोनवर आर्डिथचा आवाज ऐकताच विचारायची, "आता कोणती तारीख, आजी?" उन्हाळ्यात नदी चढली, घराच्या भिंती घामेजल्या. दोनदा आर्डिथला ॲम्ब्युलन्समधून न्यावं लागलं. दुसऱ्या वेळी मी सोबत होतो. नाकावरची नळी बाजूला करून ती म्हणाली, "हिच्यासाठी मी इथे अडकले, आणि अडकले म्हणून हिच्यात झोपलेय. कसं आहे बघ!"

मी तिचा हात धरून बसलो होतो. "तू जा, आमचं आम्ही बघू," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. लोकांनी लिहिलेली हजारो वाक्यं मी बोललो असेन; हे एक माझ्या तोंडून निघालं नाही. माझंही हृदय आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मलाही ती गाडी हवी होती.

ऑक्टोबरमध्ये काउंटीच्या कचेरीत सुनावणी झाली. पंच म्हणून बारीक चणीच्या एक बाई होत्या. आर्डिथ काठी टेकत पुढे जाऊन त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसली.

"एक एप्रिलला तुम्ही कुठे झोपलात?"

"माझ्या पलंगावर. वॉटर स्ट्रीट, लॉरेल बेंड."

"धन्यवाद. पुढचे या."

आर्डिथ खुर्चीवरून उठेना. "मी पुढे इथेच राहणार का, ते नाही विचारलंत?"

"त्याच्याशी आमचा काय संबंध?" पंचबाई चष्म्यावरून म्हणाल्या. "दोन एप्रिलला तुम्ही चंद्रावर गेला असतात तरी चाललं असतं."

नट संवाद विसरला की प्रेक्षागारात एक शांतता पसरते. तशी ती होती, पण विंगेतून आठवण करून देणारं कोणी नव्हतं. आर्डिथ सावकाश डेल्बर्टकडे वळली.

"तू त्यांना विचारलं नव्हतंस?"

"नाही," तो म्हणाला. "वाटलं, विचारलं आणि भलतंच उत्तर आलं तर? न विचारलेलं बरं."

"सहा महिने, डेल्बर्ट."

"हो, मिस आर्डिथ."

आमचा वाटा दहा वर्षांसाठी शाबूत राहिला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आर्डिथला तपासलं आणि सांगितलं की ही छाती आता दोन दिवसांचा बसचा प्रवास सोसणार नाही, आणि विमानाचंही नाव काढू नका. नोलाने हिवाळाभर वाट पाहिली. मग ती पिवळी खोली भाड्याने दिली.

आर्डिथ अजून वॉटर स्ट्रीटवरच आहे. रोज सकाळी डेल्बर्ट तिचं वाणसामान घेऊन येतो, पण तिने त्याला आणखी एक काम लावलंय. खुर्ची ओढून, तिच्यासमोर बसून, वर्तमानपत्रातलं ॲरिझोनाचं हवामान मोठ्याने वाचायचं.

"आज किती?"

"एक्याऐंशी फॅरनहाइट."

"आणि ओल?"

"नाही. अजिबात नाही."

"परत वाच," ती म्हणते. तो परत वाचतो.