ओटी घेतली आणि नोटीस धाडली

हसायचं तर पोटभर हसा, पण चहा आधी संपवा, नाहीतर नाकातून येईल. नोकरीत मी असा एक गोंधळ घालून ठेवलाय, की घरी पाहुणे जमले की माझी बायको सुनंदा मला तो सांगायलाच लावते.

मी राहतो बेळगावात, शहापूरला, आणि सरकारी ऑफिसात वसुलीच्या टेबलावर बसतो. कसली वसुली? पुरात घर पडलं असं खोटंच सांगून ज्यांनी नुकसानभरपाई उचलली, त्यांच्याकडून ती परत आणायची. एकदा निनावी तक्रार आली. निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी एक गाव आहे, तिथल्या बापूअण्णांनी घर पडल्याची भरपाई घेतली, आणि माणूस राहतो दोन मजली बंगल्यात!

आमचे साहेब धारवाडकडचे. म्हणाले, "नोड्री, बघा, जीप दिसली की गाव गप्प होतंय. तुम्ही साधं जावा, गोड बोलून माहिती काढा."

साधं म्हणजे किती साधं? रविवारी सुनंदाला निपाणीला माहेरी जायचंच होतं. तिला स्कूटरवर मागं बसवलं. तिची शहापूरची नवी कोरी साडी, माझा कडक इस्त्रीचा शर्ट. चौकशीला निघालेला माणूस असा दिसतो का हो? पण ते वेळेवर सुचायला अक्कल लागते.

गावात देवळापाशी थांबून विचारलं, "बापूअण्णांचं घर कुठलं?"

पारावरच्या म्हाताऱ्यानं आधी मला आणि मग साडीला नीट न्याहाळलं. "बेळगावचं काय पावणं? बसा की जरा. च्या घेऊन जावा."

तेवढ्यात एकजण मोटारसायकलला किक मारून सुसाट सुटला. मी सुनंदाच्या कानात म्हणालो, "बघ! आरोपीला खबर द्यायला गेला."

चहा झाल्यावर आम्हाला नेलं ते थेट बंगल्यावर. काय बंगला! गुळगुळीत फरशी, झोपाळा, वर गच्ची. दारात बापूअण्णा फेटा बांधून हजर. घाबरलाय म्हणून एवढा मान देतोय, असं मी मनात म्हटलं.

"घर तुमचंच?" मी सोफ्यावर टेकत विचारलं.

"मग वो! वर-खाली सगळं आमचंच."

"पुरात काही नुकसान?"

"छ्या! उंबऱ्याला पानी शिवलं न्हाय कधी."

गुन्हेगार कधी इतक्या पटकन कबूल करतो? माझ्या मनात उकळ्या फुटायला लागल्या. आणखी खोदलं, तर दोन म्हशी निघाल्या, बेळगावजवळ मच्छेला प्लॉट घ्यायचं चाललंय असंही निघालं. मग त्यांचा मुलगा शिऱ्याच्या बशा घेऊन बाहेर आला. केस चप्प बसवलेले, सेंटचा घमघमाट. मी त्याचीही उलटतपासणी घेतली. नोकरी कुठं, पक्की की कच्ची, पितोस का, कुणाचं देणं आहे का? बिचारा घाम पुसत उत्तरं देत होता. संगनमत, दुसरं काय!

सुनंदा आत जाऊन आली आणि हळूच म्हणाली, "अहो, कायतरी गडबड आहे. अण्णांच्या बायकोनं, आक्कांनी, साखरेसाठी सगळे डबे उघडून बघितले. हे स्वयंपाकघर त्यांचं नाही."

"तू शिरा खा. तुला वसुलीतलं काय कळतंय?"

निघताना आक्कांनी सुनंदाची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. मी ताडकन उठलो. लाच! पण सुनंदानं असे डोळे वटारले, की मी परत बसलो. भरलेली ओटी कुणी नाकारतं का?

अण्णांनी हात जोडले. "मग आमी काय समजायचं, पावणं?"

"लेखी कळवतो," मी म्हणालो. दोघांचे चेहरे उजळले. इतका आनंदी आरोपी मी जन्मात पाहिला नव्हता.

आणि मी लेखी कळवलं. भरपाई परत करा, नाहीतर घरावर जप्ती.

नोटीस पोचली आणि दोघं नवरा-बायको ऑफिसात आले. अण्णांच्या हातात कागद, डोळ्यांत पाणी. सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "पावणं, स्थळ पसंत न्हाय तर तोंडानं सांगायचं हुतं. मुलगी द्यायची न्हाय म्हणून कुणी जप्ती आणतंय व्हय?"

ऑफिसात जे हसू फुटलं! रविवारी नटून आलेलं जोडपं, घर कुणाचं, म्हशी किती, पोरगा पितो का… आमच्याकडं हे प्रश्न मुलीकडचेच विचारतात हो!

"बंगला शेजारच्या गुरुजींचा," अण्णा मान खाली घालून म्हणाले. "ते लेकाकडं बेंगळूरला असत्यात, किल्ली आमच्याकडं. पडक्या घरात पावण्यास्नी न्यावं, तर पोरगी कोण देतंय? मागल्या पावण्यास्नीबी त्योच दावला."

निनावी तक्रार बंगला बघून गेलेल्या त्या पाहुण्यांकडूनच आली असणार, ते आता वेगळं सांगायला नको.

त्याच दिवशी जीप काढून गेलो. अण्णांच्या खऱ्या घराच्या उभ्या राहिलेल्या भिंतींवर निळी ताडपत्री बांधलेली, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ. शेजारी नव्या घराचा पाया. सगळी भरपाई त्या पायात गेली होती. मी ती परत घेतली असती, तर ना घर उभं राहिलं असतं, ना पोराचं लग्न झालं असतं. तिथल्या तिथं साहेबांना फोन करून नोटीस मागं घ्यायला लावली.

अण्णांनी वर एक अर्ज टाकला असता, तर माझ्या नोकरीचं काही खरं नव्हतं. पण टाकला नाही. मलाच पाणी देत म्हणाले, "तुमी चुकलासा, आमी खोटं बोललो. फिट्टंफाट." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

आक्का मात्र कंबरेवर हात ठेवून उभ्या. "कसली फिट्टंफाट? शिरा खाल्लासा, ओटी नेलासा. आता सून आणून द्या!"

झालं! सोंग घेऊन फुकटचा लाभ उचलणारा मीच निघालो की. मग काय, सुट्टीचा दिवस आला की मी आणि सुनंदा त्या पोरासाठी मुली शोधत हिंडायचो. बेळगावजवळच्या काकतीतलं एक घर जुळायला आलं. मुलीच्या वडलांना मी बंगला दाखवला नाही, सरळ ताडपत्रीखाली नेऊन बसवलं. त्यांनी पाया पाहिला, भिंतीवरची रेघ पाहिली आणि म्हणाले, "मानसं खरी हाईत. दिली पोरगी."

लग्नात अण्णांनी मला फेटा बांधून लग्न जुळवणाऱ्याच्या मानानं पुढच्या रांगेत बसवलं, आणि बोलावलं म्हणून आमचे साहेबही आले. जेवताना त्यांनी हटकलंच, "काय हो, यंदा वसुली किती झाली?"

मी घास गिळेपर्यंत जिलेबी वाढणाऱ्या आक्का बोलून मोकळ्या झाल्या, "एक झाली की साहेब, पुरी झाली. आमीच केली, ह्यांच्याकडनं!"