जिलेबीची कात

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, आणि देवापुढे बसते तेव्हाही नाही. देवापुढे मी मुद्दाम दुसऱ्याच गोष्टी बोलत बसते, म्हणजे ही वर येऊ नये. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं जमेल असं वाटतंय. जमेल का? बघते.

मी फार बोलणारी बाई नाही. चौथीपर्यंत शिकले, मग धाकटी भावंडं सांभाळली, मग लग्न. आमचे हे गेल्यावर सुजातानं, माझ्या मुलीनं, मला अमेरिकेत आणलं, ओहायोत, डब्लिन म्हणून गाव आहे तिथे. पाहुणे आले की मी कडेची खुर्ची धरते. सुजाताच्या मैत्रिणी म्हणतात, “काकू, तुम्ही काहीच बोलत नाही,” आणि मग आपापसांत बोलत राहतात. मला ते बरंच वाटतं. पण गप्प बसणाऱ्या बाईवर कोणी संशय घेत नाही. हे मला इथेच कळलं, आणि मी त्याचा फायदा घेतला.

इरा माझी नात. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिनं साप पाळला होता. खोटं वाटेल, पण इथे लोक पाळतात. बिनविषारी, नारिंगी रंगाचा, अंगठ्याएवढा जाड. काचेच्या पेटीत वेटोळं घालून बसला की अगदी जिलेबी दिसायचा, म्हणून नाव जिलेबी. पहिल्या दिवशी मी तोंडाला पदर लावून मागे सरकले, तेव्हा आमचे जावई निखिलराव म्हणाले, “आई, घाबरू नका. या घरात फणा काढणारी एकच आहे, आणि ती आत्ता मीटिंगमध्ये आहे.” आतून सुजाता ओरडली, “निखिल, म्यूटवर आहे मी! सगळं ऐकू येतंय!” सगळे हसले. त्या दिवसापासून आज्जी सापाला घाबरते हे घरात ठरून गेलं. मी खरं तर इतकी घाबरत नव्हते. शेतात साप पाहूनच लहानाची मोठी झाले होते. पण ठरलं ते मी ठरू दिलं.

इरा मला जिलेबीचं सगळं समजावून सांगायची. तिला मराठी कमी येतं, मला इंग्रजी येत नाही, पण सापाबद्दल आम्हा दोघींचं छान जमायचं. भुसा ओला राहिला की पोटाखालचे खवले तपकिरी होतात, मग त्यांना फोड येतात, म्हणून तो रोज हातानं चाचपायचा. पाण्याच्या वाटीत काळे ठिपके तरंगताना दिसले तर समजायचं की अंगावर बारीक किडे झालेत. आणि कात. कात टाकायच्या आधी डोळे दुधासारखे होतात, रंग मळतो. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि नंतर एक दिवस जिलेबी नाक दगडावर घासते आणि पायमोजा उलटा काढावा तशी कात काढते. काढलेली कात इरा खिडकीच्या उजेडात धरायची आणि मला दाखवायची, “आज्जी, सी? टू आय कॅप्स.” डोळ्यांवरच्या दोन गोल काचा. त्या दोन्ही कातीत आल्या पाहिजेत. एखादी डोळ्यावर राहिली तर पेटीत दमट कपडा ठेवायचा, कोमट पाण्यात बसवायचं, आणि वाट बघायची.

“बट डोन्ट पुल. नेव्हर. तुझी स्किन कोणी ओढली तर?” असं म्हणून तिनं माझ्या दंडाला हळूच चिमटा काढला होता.

म्हणजे मला माहीत होतं. अडाणी होते, कळलं नाही, असं मला म्हणता येत नाही. मला नीट, दोन-दोनदा सांगितलेलं होतं.

आता सुजाताचं सांगते. इराच्या पाठीवर इतक्या वर्षांनी तिला दिवस गेले होते. इराच्या वेळी ती फार अडली होती, आणि तेव्हा मी तिच्याजवळ नव्हते. आमचे हे अंथरुणावर होते, त्यांना सोडून येता आलं नाही. फोनवर निखिलरावांचा आवाज ऐकत मी गावी ओट्यावर बसून होते. ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. या वेळी मी इथे होते, पण काय करणार होते? सगळं यंत्रावर दिसत होतं, डॉक्टरीण सगळं सांगत होती. मी डिंकाचे लाडू केले, तर सुजाता म्हणाली, “आई, शुगर वाढलीय माझी, नको.” ते मी फ्रीजच्या मागच्या बाजूला ठेवून दिले.

माझ्या माहेरी सुईण होती. ती सापाची कात जपून ठेवायची, तांदळाच्या डब्यात. बाईचे दिवस भरले की पुरचुंडीत बांधून तिच्या कमरेला लावायची. साप कातीतून जसा सुटतो तसं बाळ सुटतं, असं म्हणायची. पण कात अखंड पाहिजे, आणि तिला पाणी लागलेलं नसावं. भिजलेली कात चालत नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनं ती मला बांधली होती.

तुमच्या लक्षात आलं असेल आता.

थंडीचे दिवस होते. इथे घर तापवायचं यंत्र रात्रंदिवस चालतं आणि त्यानं हवा इतकी कोरडी होते की माझ्या टाचा फुटतात. जिलेबीची कात त्या हवेत अडकली. तोंडापासून सुटली, एका डोळ्यावरून निघाली, दुसऱ्या डोळ्यापाशी धरून बसली, आणि मानेमागे वीतभर अंगाला चिकटलेली. इरानं शाळेत जाताना पाहिलं आणि मला म्हणाली, “आज्जी, हात लावू नको. मी आले की वॉर्म वॉटरमध्ये ठेवते. ओके? प्रॉमिस?”

मी मान हलवली.

सुजाताला सकाळपासून कळा येऊन थांबत होत्या. निखिलराव घरातच लॅपटॉप घेऊन बसले होते, वारंवार तिच्या खोलीत डोकावत होते. इरा आली की कात पाण्यात जाणार, आणि मग ती कामाची राहणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुपारी मी वरच्या मजल्यावर जाऊन पेटीचं जाळीचं झाकण उघडलं. जिलेबीला पोळ्यांच्या फडक्यात धरलं. तिनं काही केलं नाही. मला ओळखायची ती, खरंच. माझ्या हाताला फोडणीचा वास येतो, तिला तो सवयीचा होता. मी कात ओढली.

सुक्या कांद्याचं साल निघावं तशी ती आधी सरळ आली. मग अडली. मग मी जोर लावला. खवले बरोबर आले. खाली गुलाबी कातडी, आणि तिच्यावर रक्ताचे बारीक ठिपके. मी थांबले का? नाही. डोळा राहिला होता ना — आणि मला अखंड हवी होती. डोळ्यापाशी तिचं सगळं अंग माझ्या मनगटाभोवती घट्ट आवळलं. साप ओरडत नाही. ओरडली असती तर मी थांबले असते का? हा प्रश्न मी स्वतःला खूप वेळा विचारलाय. खालीच माझी मुलगी कण्हत होती, ते ऐकू येत होतं. मला दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

कात अखंड निघाली. मी ती पुरचुंडीत बांधून सुजाताच्या दवाखान्याच्या बॅगेत, टॉवेलांच्या खाली ठेवली. कमरेला बांधायचं तिला सांगायचं धाडस झालं नाही. ती चिडली असती. जिलेबी तिच्या लाकडी खोपटात शिरून बसली होती.

इरा आली. “आज्जी, व्हेअर्स द शेड?” कातीला ती शेड म्हणायची.

“निघाली आपोआप. मी टाकून दिली.”

“ऑल ऑफ इट? आय कॅप्स बघितले?”

“हो. दोन्ही होते.”

ती हसली. “थँक यू, आज्जी! यू आर सो ब्रेव्ह!” आणि मला मिठी मारली.

त्याच संध्याकाळी सुजाताला दवाखान्यात नेलं. मुलगा झाला, सुखरूप, आणि पहिल्या खेपेसारखं काही झालं नाही. फोन आला तेव्हा मी मनात काय म्हटलं, तेही सांगते. मी म्हटलं, कातीनं काम केलं. मला अभिमान वाटला. वर काचेच्या पेटीत त्या मुक्या जिवाच्या अंगावर कातडी नव्हती, आणि मी खाली शिरा करत होते.

इथपर्यंतचं कदाचित मी कोणाला सांगू शकले असते. घाई झाली, मुलीची काळजी होती, असं म्हटलं असतं. लोकांनी ऐकूनही घेतलं असतं. पण यापुढचं आहे ना, त्याला असं काहीच नाही.

बाळाला थोडी कावीळ दिसली म्हणून त्यांना आठवडाभर दवाखान्यातच ठेवलं. घरात बहुतेक वेळ इरा आणि मी, दोघीच होतो. इरा जिलेबीला बाहेर काढायला जायची आणि मी तिला अडवायचे. “झोपू दे गं. कात टाकली की साप दमतो.” जे तिनं मला शिकवलं होतं, त्यातलंच थोडं घेऊन मी तिला फसवत होते. ती म्हणायची, “रिअली?” मी म्हणायचे, “आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.” आणि ती ऐकायची. आज्जीला सापांचं कळतं याचा तिला आनंदच व्हायचा. ती शाळेत गेली की मी पेटीत डोकावायचे. जखमेला भुसा चिकटला होता. मग तिथे पिवळं दिसायला लागलं. मग वास यायला लागला. मला रोज दिसत होतं. त्याच दिवशी सांगितलं असतं तर तिनं पेटीत स्वच्छ कागद घातला असता, जखम धुतली असती, डॉक्टरकडे नेलं असतं. तिला सगळं येत होतं. मी तिला ते करू दिलं नाही.

सुजाता बाळाला घेऊन घरी आली तेव्हा बॅगेतली पुरचुंडी मी आधी गुपचूप काढून घेतली. मग तिला वास आला. पेटी उघडली तेव्हा इरा किंचाळली नाही. ती एकदम गप्प झाली, माझ्यासारखी.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी जिलेबीला टेबलावर ठेवून दिवा धरला. सुजाता बाळाला घेऊन घरी थांबली होती. निखिलराव, इरा आणि मी गेलो होतो. डॉक्टरीण काहीतरी विचारत होती. निखिलरावांनी मला मराठीत सांगितलं, “त्या म्हणतायत, ही कात कोणीतरी ओढलीय. इरू, तू ओढलीस का?”

“नो!”

“मग पाहिलं कसं नाहीस तू इतके दिवस? रोज पेटी चेक करायची ना? बेबी आल्यापासून लक्षच नाहीये तुझं.”

इरानं माझ्याकडे पाहिलं. तिनं माझं नाव घेतलं नाही. मी सांगितलं होतं म्हणून बघितलं नाही, असं ती म्हणाली नाही. नुसतं पाहिलं. निखिलराव मला म्हणाले, “आई, तुम्ही काही…” आणि लगेच स्वतःच म्हणाले, “नाही, तुम्ही तर हातसुद्धा लावत नाही.”

मी म्हटलं, “मी कशाला हात लावू. मला भीती वाटते.”

इरानं मान खाली घातली. मग ती हळूच इंग्रजीत म्हणाली, की कदाचित तिनंच केलं असेल, बाहेर काढताना, आठवत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला मी नाही ते आठवायला लावलं.

जिलेबीचा तो डोळा गेला. पाठीची जखम औषधानं आणि सुयांनी हळूहळू भरली, पण तिथे खवले कधी नीट आले नाहीत. पुढच्या प्रत्येक कातीला तो भाग अडकायचा. इरा रोज जखम धुवायची, मलम लावायची, ओठ घट्ट मिटून. मी शेजारी कापूस धरून उभी राहायचे. कापूस धरायचे, बरं का. घरचे म्हणायचे, बघा, आज्जीची भीती गेली.

जिलेबी बरी झाली तेव्हा इरानं स्वतः ठरवलं की तिला देऊन टाकायची. असे साप सांभाळणारी एक बाई होती. तिच्या घरासमोर आम्ही गाडी थांबवली. त्या बाईनं विचारलं, का देतेस, इतकी सुंदर आहे. इरा म्हणाली, “आय हर्ट हर.”

एवढं इंग्रजी मला कळतं. मी मागे उभी होते, पेटीचं झाकण माझ्या हातात होतं. ते मी पुढे केलं. त्या बाईनं ते घेतलं.

आता इरा कॉलेजच्या वयाची झाली. धाकटा भाऊ आरव तिच्यामागे सारखा फिरतो, पण ती त्याला एकटीनं कुठे नेत नाही. तो बाळ होता तेव्हाही कोणी शेजारी असल्याशिवाय तिनं त्याला उचललं नाही. परवा सुजाता म्हणाली, जा ना त्याला घेऊन पोहायला. इरा म्हणाली, “तू ये ना, मॉम. मी नीट बघत नाही. यू नो दॅट.” सुजाता हसली, म्हणाली, “काय वेडी आहेस गं,” आणि चप्पल घालून निघाली.

मी तिथेच बसून मटार सोलत होते. इरा माझ्या समोर, हाताच्या अंतरावर होती. मी सोलत राहिले.