फडा, मशीन आणि वर्षाचं तिखट

बिनवायरच्या उभ्या व्हॅक्यूम क्लीनरचे फायदे मला तोंडपाठ आहेत. तोटे आमच्या घराच्या भिंतींना पाठ आहेत.

फायद्यांपासून सुरुवात करते, कारण गेला अख्खा उन्हाळा मी तेच करत होते. वाकावं लागत नाही. वायर पायात येत नाही. भिंतीला अडकवला की जागा खात नाही. लाइट गेली तरी चालतो (आणि अमरावतीत मे महिन्याच्या दुपारी लाइट जाते, हे अमरावतीकरांना सांगायला नको). हे सगळं मी रोज एकाच व्यक्तीला ऐकवायची. ती व्यक्ती म्हणजे आत्याबाई, माझ्या सासूबाई. वय पंच्याहत्तरच्या पुढे, कंबर त्याहून जुनी आणि हातात कायम शिंदीच्या पानांचा फडा, म्हणजे झाडू.

डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "आजी, वाकायचं नाही. झाडू तर हातात धरायचाच नाही." आत्याबाईंनी मान डोलावली, घरी आल्या आणि चपला काढायच्या आधी पोर्च झाडून घेतला. मग हिवाळ्यात एकदा स्वयंपाकघर झाडता झाडता फड्यासकट खाली बसल्या, त्या उठेचनात. मी आणि माझे मिस्टर, दोघांनी मिळून उचललं. त्या हसत होत्या आणि मी रडत होते. मला त्यांची फार काळजी वाटली त्या दिवशी. तेव्हाच ठरवलं, या घरातून फडा जाणार. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं. माहेरी, चांदूर रेल्वेला, मला लहानपणी सगळे 'खुट्टा' म्हणायचे. रोवला की हलत नाही म्हणून.

मशीन घरी आली त्या दिवशी आत्याबाईंनी तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"याले शेपूट नाई?"

"वायर लागत नाही, आत्याबाई. बॅटरीवर चालते."

"अन् कचरा कुठी जाते?"

"या डब्यात जमा होतो."

"म्हंजे घरातला कचरा घरातच ठेवाचा."

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे मला समजावून सांगायची सवय आहे, समजून घ्यायची तेवढी नाही. मी त्यांना खुर्चीवर बसवून सगळा धडा घेतला. हवा पुढून आत ओढली जाते, कचरा डब्यात राहतो, बारीक धूळ हा फिल्टर अडवतो आणि मागून स्वच्छ हवा बाहेर येते. आत्याबाईंनी फिल्टर हातात घेऊन उलटापालटा केला आणि परत दिला. मला वाटलं, डोक्यावरून गेलं.

पहिला तोटा दुसऱ्याच दिवशी कळला. मी मशीन नेहमी पूर्ण जोरावर चालवायची, कारण मला कुठलीच गोष्ट हळू करता येत नाही. पूर्ण जोरावर बॅटरी हॉल आणि बेडरूम एवढीच पुरायची. रोज बरोबर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन मशीन मान टाकायची. तिला चार्जिंगला लावावं, तर लाइट गेलेली असायची. (लाइट गेली तरी चालते हे खरं आहे. लाइट गेली की चार्ज होत नाही, हे मी फायद्यांत सांगितलं नव्हतं.) मग दाराआडून फडा निघायचा.

"झोपली वाटते तुही मशीन," आत्याबाई म्हणायच्या. "झोपू दे, थकली असन बिचारी." आणि कंबर वाकवून स्वयंपाकघर झाडायला घ्यायच्या.

मी फडा लपवायला लागले. दिवाणात ठेवला, सापडला. कूलरच्या मागे ठेवला, सापडला. शेवटी पिशवीत घालून शाळेत नेऊन ठेवला, तर त्यांनी इतवारा बाजारातून नवा आणवला. आणणारे कोण, तर माझेच मिस्टर.

"तुमी कोणाच्या बाजूनं आहा?" मी विचारलं.

"मी ऑफिसात जाऊन राहिलो," ते म्हणाले आणि गेले.

शेवटी मी सरळ आत्याबाईंसमोर बसले. "काय केलं म्हणजे फडा सोडाल?"

त्यांनी हातातला फडा दाराआड ठेवला. मग म्हणाल्या, "तिखटाच्या दिवशी पाहू."

आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षभराचं तिखट एकदाच होतं. मिरच्या गच्चीवर कडकडीत वाळवायच्या, देठं खुडायची, कांडपावर नेऊन कुटून आणायच्या. मग हॉलमध्ये जुनं लुगडं अंथरून ते तिखट चाळायचं, मीठ-हिंग लावून बरणीत दाबायचं. अर्धं आमचं आणि अर्धं अकोल्याच्या मंगलाताईंचं, म्हणजे माझ्या नणंदेचं. त्या दिवशी तिखट फरशीवर, पायांवर, उंबऱ्यांवर, कुठेकुठे बसतं. दोन दिवस घरातलं माणूस अनवाणी चालत नाही.

"त्या दिवशी तुह्या मशीननं घर साफ करून दाखव," आत्याबाई म्हणाल्या. "मी अनवाणी फिरतो साऱ्या घरात. माह्या टाचेच्या भेगा खोटं नाई बोलत. झोंबलं नाई, तं फडा सोडला. झोंबलं, तं मशीन वापस अन् फड्याचं नाव काढाचं नाई."

"मंजूर."

"विचार तं कर," मिस्टर म्हणाले. पण विचार आधीच झालेला होता.

त्या दिवशी मी पहाटेपासून तयारीला लागले. डबा रिकामा केला, ब्रश धुतला, फिल्टरही धुतला. पुस्तिकेत लिहिलं होतं, फिल्टर पूर्ण एक दिवस वाळू द्यावा. लिहिणाऱ्याने आमचं ऊन पाहिलेलं नसावं. आमच्या गच्चीवर तासाभरात गोधडी वाळते. चिमटा लावून फिल्टर दोरीला टांगला, बॅटरी भरून घेतली आणि स्कूटीवर हिंग आणायला गेले. उन्हात जाताना आमच्याकडच्या बाया जशा जातात तशीच, तोंडाला गच्च स्कार्फ आणि डोळ्यांना काळा गॉगल.

परत आले तर मिस्टर कांडपावरून तिखट घेऊन आलेले. आत्याबाई नाकाला पदर लावून लुगड्यावर चाळत बसलेल्या, चाळलेल्या तिखटाचा छानसा ढीग झालेला. तेवढ्यात अकोल्याच्या बसने मंगलाताई पोचल्या, घामाने निथळत. ते पाहून बहिणीच्या मायेने मिस्टर उठले.

"बाप्पा, किती गरम होऊन राहिलं मंगलाले," ते म्हणाले आणि त्यांनी कूलर लावला. तीन नंबरवर.

आमचा कूलर कपाटाएवढा आहे आणि खिडकीतून थेट हॉलमध्ये फेकतो. पाण्याच्या आधी वारा येतो. त्या वाऱ्याने चाळलेल्या तिखटाच्या ढिगाची टोपी अलगद उचलली आणि हॉलभर पसरली.

"बंद कर रे, बंद कर!" आत्याबाई ओरडल्या. मिस्टरांनी बंद केला. बाकीच्या ढिगावर परात पालथी घातली. पण हॉलची पांढरी फरशी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लाल झाली होती.

आत्याबाई उठल्या आणि दाराआडच्या फड्याकडे निघाल्या. मी आडवी झाले.

"आत्याबाई, आपली काय बोली झाली?"

"अवं, हे तं वेगळंच झालं."

"बोली म्हणजे बोली."

हिंगाची पुडी टेबलावर टाकली आणि भिंतीवरची मशीन काढली. स्कार्फ-गॉगल काढायचंही मला सुचलं नाही. मशीन पूर्ण जोरावर सुरू केली. आणि खरं सांगते, काय काम करत होती! जिथून ब्रश फिरेल तिथे लख्ख पांढरा पट्टा उमटायचा. लाल फरशीवर एकामागून एक पांढरे पट्टे ओढत मी निघाले.

"वयनी, लय भारी हाय व हे," मंगलाताई म्हणाल्या. "मले पण घ्याची."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या स्वतःच्या टाचांकडे पाहत होत्या. मला कळलं, मी जिंकत होते.

मग मंगलाताई शिंकल्या. मला वाटलं, उन्हातून आल्या, सर्दी झाली असेल. मग त्या परत शिंकल्या, मग मिस्टर खोकले, मग दोघं मिळून खोकले. मशीनच्या आवाजात ते काय म्हणत होते ते मला ऐकू येत नव्हतं. मिस्टर दोन्ही हात डोक्यावर धरून हलवत होते. मी समजले, शाबासकी देताहेत. मी मानेने 'हो हो' केलं आणि बेडरूममध्ये शिरले, कारण तिखट हॉलमध्ये सांडलं असलं तरी परीक्षा सगळ्या घराची होती.

बेडरूम झाली. मुलाची खोली झाली (तो नागपूरला शिकायला आहे, म्हणून वाचला). पलंगाखालून काढलं, कपाटामागून काढलं. पडद्यांवरूनही एक हात फिरवला. आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन मशीनने मान टाकली.

घरात एकदम शांतता झाली. मी विजयाने मागे वळले, तर मागे कोणीच नव्हतं. काहीतरी धूसर दिसतंय म्हणून गॉगल काढला. गॉगल काळा होता म्हणून मला आतापर्यंत रंग कळला नव्हता. हवा लाल होती. पडदे लाल, टीव्ही लाल, पलंगावरची पांढरी चादर लाल, टेबलावरच्या बुद्धमूर्तीच्या खांद्यांवरसुद्धा लाल थर. नीट पाहावं म्हणून मी स्कार्फही काढला. तिथे माझं पाहणं संपलं.

डोळे मिटून, भिंतींना धडकत मी अंगणात पोचले. तिघं नळाखाली तोंडं धरून उभे होते. मीही त्यांच्यात डोकं घातलं. कंपाउंडपलीकडून शेजारचे वानखडेकाका खोकत खोकत मला विचारत होते, "वंदनाताई, कोणाची नजर काढून राहिले? एवढ्या मिरच्या काहून जाळल्या?"

पाचेक मिनिटांनी आत्याबाईंना आवाज फुटला. "सुनबाई, थ्या मशीनीच्या मांगून काय निघत होतं?"

"स्वच्छ हवा," मी म्हणाले. घरात इतक्या वेळा सांगितलंय की तोंडातून तेच आलं.

आत्याबाईंनी बोट वर केलं. गच्चीच्या दोरीवर, निळ्या आकाशात, चिमट्याला लटकलेला माझा फिल्टर वाऱ्याने डुलत होता. कडकडीत वाळलेला. म्हणजे मी घरातलं सगळं तिखट पुढून गोळा करून, चाळणीपेक्षा बारीक करून, मागून खोलीखोलीत वाटत फिरले होते. फिल्टर नसला तरी मशीन सुरू होते, हा तोटा पुस्तिकेत कुठेतरी असेल. मी फायद्यांचंच पान वाचलं होतं.

आत्याबाईंनी पदर खोचला, फडा उचलला आणि आत गेल्या. एकच हात मारल्याचा आवाज आला. सळकन. खाली बसलेलं सगळं तिखट परत हवेत उठलं असणार, कारण आयुष्यभर तिखट चाळूनही कधी न शिंकलेल्या आत्याबाई शिंकत शिंकत बाहेर आल्या आणि कंबर धरून पायरीवर बसल्या.

ते बघून माझा सगळा ताठा उतरला. बोलीप्रमाणे मी हरले होते. मशीन जाणार होती, फडा राहणार होता आणि पुढच्या हिवाळ्यात त्या पुन्हा स्वयंपाकघरात फड्यासकट खाली बसणार, हे मला दिसत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळ्यांच्याच वाहत होतं, म्हणून कोणाला कळलं नाही.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मशीन उद्या परत देते. पण तुम्ही वाकू नका हो. हात जोडते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मिस्टरांना म्हणाल्या, "जाय रे, वरतून थो फिल्टर आण."

मिस्टरांनी आणला. लाइट होती, म्हणून मशीन आधी चार्ज करून घेतली. आत्याबाईंनी डबा स्वतः अंगणात झाडून घेतला, फिल्टर त्याच्या जागी बसवला आणि फिरवून कच्च केला. मी तोंड उघडून बघत राहिले.

"तुमाले कसं माहीत?"

"तूच नाई का सांगतलं, खुर्चीवर बसवून? बारीक धूळ हा अडवते म्हणून." आणि माझा स्कार्फ नि गॉगल चढवून त्या उभ्या राहिल्या. "तू बाहेरच बस. तुले लय घाई असते."

त्यांनी मशीन सगळ्यात हळू लावली. हळू लावली की बॅटरी उंबऱ्याच्या पलीकडे जाते, हे त्या दिवशी घराला पहिल्यांदा कळलं. ताठ उभ्या राहून त्यांनी हॉल साफ केला, भिंती आणि पंख्याची पाती साफ केली, बुद्धमूर्ती मऊ ब्रशने पुसून घेतली. दोनदा चार्ज करावी लागली, पण दिवेलागणीपर्यंत स्वयंपाकघर झालं. मग चप्पल काढून त्या सगळ्या घरात अनवाणी फिरल्या. आम्ही तिघं दारातून त्यांच्या टाचा बघत होतो.

"नाई झोंबत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे फडा सोडला?"

"सोडला. मशीनीत काही खोट नाई, चालवणारीत हाय. आता हिले हात नको लावू, खराब करशीन."

तेव्हापासून मशीन त्यांची आहे. रोज सकाळी चहा झाला की गॉगल लावून त्या घरभर फिरतात. मंगलाताईंना अकोल्याला फोनवरून फायदे सांगतात. फिल्टर धुतला की तो वाळेपर्यंत गच्चीवर खुर्ची टाकून बसतात. अंगण, पोर्च आणि जिना मात्र मशीनने झाडू देत नाहीत. "बाहेरच्या मातीनं बिघडन" म्हणतात. दाराआडचा फडा आहेच, मिस्टर ऑफिसात असतात आणि घरात वाकू शकेल असं माणूस उरतं ते मीच.

मागच्या आठवड्यात माझी कंबर धरली. त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, वाकून झाडणं बंद करा. आजकाल ते उभ्याने चालवायचं बिनवायरचं मशीन मिळतं, ते घ्या एक."

"आहे घरी," मी म्हणाले.

"मग वापरत का नाही?"

"सासूबाई हात लावू देत नाहीत."