कवळीतली खूण

आमचे हे, चंद्रभान रामटेके, गांधीबागेत कापडाच्या दुकानावरच्या खोलीत चाळीस वर्षं लोकायच्या कवळ्या बनवत आले. प्रत्येक कवळीच्या आतल्या बाजूले सुईनं बारीकसा 'चं' कोरायचे. घालणाऱ्याले पत्ताही नसे. अर्ध्या नागपूरच्या तोंडात माह्या नवऱ्याचं नाव, आन् मी मात्र घरात ह्यायले 'अहो'च म्हणत राहिली.

मग ह्यायचेच दात गेले. डॉक्टर नूपुर मॅडमनं खालच्या जबड्यात दोन स्क्रू बसवले आन् त्यावर टिचबटणासारखी लागणारी, मशीननं कोरलेली कवळी दिली. हे भडकले. "माह्या तोंडात मशीनची? माहे हात काय भाजी निवडाले हायेत?" म्हणे. आन् स्वतःच्या हातानं दुसरी केली. दिसाले देखणी, पण एका बाजूचं बटण धड लागे ना. हातची कवळी साच्यात शिजवतात, थंड होताना ती केसभर आकसते. मशीन आधीच शिजलेला ठोकळा कोरते, म्हणून ते झंझट नाही. हे ज्ञान मले ह्यायनंच दिलेलं, दुसऱ्याच्या कवळीबद्दल.

तेवढ्यात कवळी बनवणाऱ्यायच्या संघटनेनं ह्यायचा सत्कार ठेवला. भाषण 'हाताची कला' यावर. भर सभेत कवळी बाहेर आली तर चाळीस वर्षं पाण्यात, म्हणून माहा जीव टांगणीले. हे रोज आपली कवळी कानशीनं घासून राहिले होते. "आता बसते पाह्य," म्हणत.

सत्काराच्या दिवशी हे आंघोळीले गेले, आन् मी वाटीतली कवळी बदलली. ह्यायनं घाईत, चष्मा न लावताच तोंडात बसवली.

पाऊण तास बोलले. वरून माईकसमोर संत्रा बर्फी चावून दाखवली. "हलली का? मशीनच्या बापाले जमणार नाही." टाळ्या पडल्या. मी पदर तोंडाले लावून बसली होती.

घरी येऊन धुवाले कवळी काढली, उलटवली. खूण नव्हती.

"काहून वं?" एवढंच म्हणाले.

"तुमची इज्जत जाऊ नये म्हणून."

त्या दिवशी जेवले नाहीत. मले लय वाईट वाटलं. उरलेसुरले दात मीच पाडले असं झालं.

सकाळी पाहते तर हे खिडकीशी चष्मा लावून बसलेले. मशीनच्या कवळीत सुईनं 'चं' कोरून राहिले होते.

कोरून झाल्यावर कवळी माह्यापुढं धरली. अक्षर पार वाकडं आलं होतं. मी म्हटलं, छान झालं.