पोत्यांचा अंधार आणि जादूचा कंदील

शाळेत काही नवं आलं की मोठी माणसं आधी नाक मुरडतात. आमच्या गावात जादूचा कंदील आला तेव्हाही तेच झालं. लढाईचे दिवस, रॉकेलची मारामार, आणि अशात आमचे गुरुजी नंदुरबारच्या एका शेटजींच्या दुकानात धूळ खात पडलेला तो पत्र्याचा डबा बैलगाडीत घालून घेऊन आले. डब्याला पुढे भिंग होतं आणि वर धुराडं. आत दिवा लावायचा, भिंगामागे चित्राची काच सरकवायची, की समोरच्या भिंतीवर ते चित्र हे एवढं मोठं होऊन पडायचं. पारावरच्या मंडळींनी लगेच निकाल देऊन टाकला, "मास्तरनं डोकं फिरनं."

गुरुजी धुळ्याला मास्तरकी शिकून आलेले, अंगाने काटकुळे आणि स्वभावाने हट्टी. कंदिलाबरोबर आलेल्या काचांवर विलायतेतले पूल होते, बर्फ होतं, टोपीवाल्या मडमा होत्या. पहिल्या दिवशी आम्ही आ वासून पाहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, आणि तिसऱ्या वेळी मी जांभई दिली. मी तेव्हाही तोंडाळच होते. गुरुजींनी विचारलं तर मी म्हणाले, "यात आपल्याकडचं काहीच नाही." दुसऱ्या कुणी छडी उचलली असती. गुरुजी म्हणाले, "बरोबर आहे. मग तुम्हीच करा."

आणि आम्ही केल्या. फुटक्या तसबिरींच्या काचा घरोघरून गोळा केल्या, चिमणीच्या ज्योतीवर धरून काळ्याकुट्ट केल्या, आणि त्या काजळीवर बाभळीच्या काट्याने चित्रं कोरली. कुणी कापसाचं बोंड कोरलं, कुणी मोट, कुणी नदीकाठच्या प्रकाशा गावातल्या देवळाचं शिखर. मी तापी कोरली, पार उगमापासून सुरतेपुढच्या समुद्रापर्यंत. बोट लागलं की काजळी निघायची, म्हणून आम्ही त्या काचा तान्ह्या पोरासारख्या दोन्ही हातांवर घेऊन चालत असू.

गुरुजींचा नियम असा की ज्याची काच, त्याने त्या दिवशी गुरुजी व्हायचं. ते स्वतः आमच्यात तरटपट्टीवर मांडी घालून बसत आणि मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारत. "गुरुजी, बोंड फुटतं तेव्हा आवाज येतो का?" शिकवणारा मुलगा लाजून लाल व्हायचा. उत्तर येत नसेल तर थापा मारायच्या नाहीत. "माहीत नाही, शोधून सांगतो," असं म्हणायचं आणि खरंच शोधून सांगायचं. मग कुणी शेतात जाऊन बोंडापाशी कान लावून बसे, कुणी गुरवाला जाऊन छळे. मला शाळेचं वेड लागलं ते तेव्हा. सुट्टी असली की मी घरात चिडचिड करत असे आणि माय म्हणे, "रविवार येऊच नये हिना घरमां."

पण शाळा चौथीपर्यंतच होती. मुलगे पुढे शहाद्याला जात, तिथे नातेवाइकांकडे राहत. मुलींना कोण पाठवतो? माझ्या वडिलांनी तर सरळ सांगून टाकलं होतं, "चौथी व्हयनी, बस झायं. आते घरनं काम शिकू दे." गावातच पाचवी निघाली तरच माझं शिक्षण पुढे सरकणार होतं. त्यासाठी गुरुजींनी वर खटपट केली होती, आणि मिरचीच्या हंगामात दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे मोठे अधिकारी, येणार असल्याचं कळलं. वर्ग चालवण्यासारखा वाटला आणि मुली येतील अशी खात्री पटली, तर ते पाचवीची शिफारस करणार होते. नाही तर मी घरी. मी देवाला नवस बोलले, तोही नारळाचा; एरवी मी नारळ फोडण्यापेक्षा खाण्याच्या बाजूची.

साहेबांना कंदील दाखवायचा तर भरदिवसा खोलीत मिट्ट अंधार हवा. गुरुजींचं घोंगडं एका खिडकीलाही पुरेना. काय लावायचं, असं त्यांनी वर्गाला विचारलं, आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पोती!" आमच्या गावात पोत्याशिवाय दुसरं काय सुचणार? माझे वडील दारातच उभे होते. साहेब येणार म्हणून तेही फुशारले होते. त्यांनी आमच्या खळ्यातली रिकामी पोती उचलून दिली. ती मिरचीची आहेत हे कुणाच्या मनातही आलं नाही, कारण हंगामात आमच्या गावाची हवाच मिरचीची असते. आमची नाकं त्या वासाला कधीच सरावली होती, आणि इतक्या वर्षांत गुरुजींचंही नाक आमच्यातलंच झालं होतं.

साहेब आले. पांढराशुभ्र कोट, डोक्यावर रुमाल, कपाळावर आठ्या. खुर्चीत बसले. दार लोटलं, अंधार झाला, कंदील पेटला. पहिलं चित्र भिंतीवर उमटलं तशा साहेबांच्या आठ्या जराशा सैल झाल्याचं मला त्या उजेडात दिसलं. मी माझी काच घेऊन उभीच होते, आता माझी पाळी. तेवढ्यात खिडकीतून वारा आला, एक पोतं फुगलं आणि कंदिलाच्या तापलेल्या धुराड्याला जाऊन चिकटलं.

फोडणीत मिरची जळली की काय होतं ते सांगायला नको. इथे पोत्याच्या विणीत अख्ख्या हंगामाची पूड बसलेली होती. आधी साहेबांना ठसका लागला, मग गुरुजींना, मग आम्हाला. सरावलेल्या नाकांची सगळी मिजास उतरली. पोरं खोकत, शिंकत, एकमेकांच्या पायांत अडखळत अंगणात पळाली. साहेब बाहेर आले ते डोळे मिटून, हात पुढे करून, आणि गुरुजी स्वतःही रडत त्यांना धरून आणत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी काच छातीशी धरून उभी होते आणि मनात एकच होतं, गेली पाचवी.

शाळेला लागूनच आमचं खळं होतं. तिथे माय इतर बायांबरोबर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. आमचा खोकला ऐकून ती दुधाचा तांब्या आणि कापडाचा धडपा घेऊन धावत आली. पदर नाकापर्यंत ओढलेला. साहेबांच्या डोळ्यांवर दुधाची घडी ठेवायला तिने गुरुजींच्या हाती दिली आणि एका बाजूला उभी राहिली. या अंगणात तिने यापूर्वी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

आता आत जायची सोय नव्हती. कंदील विझवलेला, खोलीत धूर. गुरुजी आमच्याकडे पाहून म्हणाले, "आजचा धडा अर्धा राहिला आहे. आता काय करायचं?" साहेबांसमोरही ते आम्हालाच विचारत होते!  मग वर्गातल्या एका मुलाने गुरुजींचं उपरणं मागून घेतलं, दुसऱ्याने त्याचं टोक धरलं, आणि दोघांनी ते ताणलं. मी माझी काच त्याच्या अगदी जवळ उन्हात धरली. काजळीतून कोरलेल्या रेषा पांढऱ्या कापडावर उजळ उमटल्या. चित्र लहानच, काचेएवढं. पण तापी होती.

माझा आवाज ठसक्याने बसलेला. तरी मी सांगत गेले, कुठून निघते, कुठल्या नद्या येऊन मिळतात, प्रकाश्याला कशी वळते. साहेबांनी डोळ्यांवरची घडी काढली होती आणि लाल डोळ्यांनी ते उपरण्याकडे पाहत होते. आणि मागून पदराआडून आवाज आला, "येवढं पानी जास कोठे वं?"

माझ्या मायचा आवाज. जन्म तापीकाठी गेला, आणि हा प्रश्न तिने आजवर कुणाला विचारला नव्हता. विचारायला कुणी होतंच कुठे? मी काचेच्या टोकावर बोट दाखवलं. "समुद्रात." तिने लगेच पुढचा टाकला, "मंग समिंदर भरी जात नही का?"

मला उत्तर येत नव्हतं. दिपोटीसमोर येत नाही म्हणणं म्हणजे नापास होणं, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. पण वर्गाची सवय हाडात मुरलेली. मी म्हणाले, "माहीत नाही. शोधून सांगते."

साहेबांनी नाक पुसलं. "असं म्हणायला शिकवता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब," गुरुजी म्हणाले. "आणि शोधायलाही."

 मग मायकडे न पाहता, जमिनीकडे पाहत त्यांनी विचारलं, "या मुलीला पुढं शिकवणार का?" प्रश्न खरं तर मागे उभ्या असलेल्या वडिलांना होता. वडील घसा साफ करू लागले, पण त्यांच्या आधी मायच बोलली, "वर्ग व्हई तं धाडसू. वर्गच नही तं कोठे धाडू?"

 आता वडील काय करतात म्हणून मी डोळे मिटून घेतले. ते म्हणाले, "ती सांगस ते खरं शे, साहेब." एवढंच. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"पण एका मुलीवर वर्ग निघत नाही," साहेब म्हणाले.

माय खळ्याच्या कुंपणाकडे वळली. बाया केव्हाच्या काम टाकून तिथे उभ्या होत्या. "कोन कोन धाडी वं आपली पोरले?" तिने हाक दिली. "हात वर करा!"

 मग शेजारच्या काकूंचा हात वर गेला, मिरच्यांनी लालभडक झालेला. मग आणखी एक. मग बरेच. सगळ्यांत मागे सातपुड्यातून कामाला आलेली एक बाई होती, तिनेही दोन्ही बाजूंना पाहून हात वर केला. गर्दीतून कुणीतरी साहेबांना सांगितलं, "हिची मुलगी तर शाळेतच नाही." तिला आमची भाषाही धड येत नव्हती, पण बोलणं कशाबद्दल चाललंय ते तिला नेमकं कळलं होतं, आणि ती हात खाली घेईना.

"येईल पाचवीला, साहेब," गुरुजी म्हणाले. "पहिलीपासून सुरुवात करून येईल. तो हात मोजा."

साहेबांनी तो हात मोजला. उन्हाळ्यात ती बाई डोंगरावर परतली नाही. तिचा नवरा आमच्याच शेतावर सालाने राहिला. जूनमध्ये गावात पाचवीचा वर्ग भरला, आणि त्याच दिवशी पहिलीच्या तरटपट्टीवर तिची मुलगी येऊन बसली.