आप्पांचं वंशावळीचं फोल्डर

माझ्या बापानं मला वंशावळीतून डिलीट केलं होतं.

बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही. खरोखर, की-बोर्डवर बोट ठेवून.

आम्ही धनगर, आटपाडीकडचे. आमच्याकडे काही वर्षांनी हेळवी येतो. तो त्याच्या वहीतून घराण्याची वंशावळ वाचून दाखवतो, नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घेतो. आप्पांनी त्याच्याकडून ऐकून ती सगळी कॉम्प्युटरवर टाईप केली होती. सांगलीला विश्रामबागेत एका ऑफिसात क्लार्क होते ना, टायपिंगचा लय नाद.

नऊ वर्षांपूर्वी मी अभयशी लग्न केलं. तो सांगलीचा, जैन घरातला.

आप्पा म्हणाले, "आजपासनं तू आमची न्हाईस."

त्याच दिवशी त्यांनी माझं नाव काढलं. हे मला काकांनी मुद्दाम फोन करून कळवलं. काही लोकांना कशात आनंद मिळेल, सांगता येत नाही.

मग आप्पा बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मी त्यांचीच मुलगी.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

मागच्या रविवारी धाकटा भाऊ संजू साताऱ्याला माझ्याकडे आला. आप्पांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरची डिस्क काढून आणली होती.

"आक्के, हेळवी यायचाय. आप्पांचं टायपिंग काडून दे. मला त्यातलं काय कळत न्हाई."

डिस्क लॅपटॉपला जोडली. फोल्डरवर क्लिक केलं.

'तुम्हाला परवानगी नाही.'

म्हटलं, बरं बाबा, हे मला माहीतच आहे.

खाली 'कंटिन्यू' होतं. ते दाबलं आणि वरची हिरवी पट्टी सरकायला लागली. सरकायला म्हणजे काय, नखभर.

जुन्या सिस्टीमवर सगळं आप्पांच्या नावावर होतं. आता एकेका फाईलवर माझी परवानगी चढत होती. तलाठ्याकडे वारसनोंद होते, त्याच वेगानं.

मला कुठला दम! तीनदा कॅन्सल केलं. तिन्ही वेळा पहिल्यापासून सुरू.

"आता हात लावलास तर बघ," संजू ओरडला. "सर तिकडं. च्या कर."

इतक्या फाईली का? तर आप्पा जुनी फाईल कधी बदलत नसत. एक अक्षर बदललं तरी नवी कॉपी. 'वंशावळ नवीन'. 'वंशावळ नवीन खरी'. 'वंशावळ नवीन खरी फायनल'. अशा शेकड्यानं.

चहा झाला. जेवणं झाली. संजू सोफ्यावर घोरायला लागला.

मी पट्टीसमोर बसून राहिले. हेळव्याचं काम होतंच, पण मला वेगळंच बघायचं होतं. हा माणूस माझ्यावर रागावलेलाच गेला का, एवढंच.

चार वाजता फोल्डर उघडलं.

माझ्या लग्नाच्या तारखेची फाईल सापडली. आप्पांच्या खाली एकटा संजू. काका खोटं बोलले नव्हते.

पुढची फाईल. एकटा संजू. त्याच्या पुढची. एकटा संजू.

आणि मग एक फाईल.

संजूच्या आधी, थोरली म्हणून, मी. शेजारी अभय. खाली रेवा.

तारीख बघितली. तेव्हा माझी रेवा दोन महिन्यांची होती. आता सात वर्षांची आहे.

संजूला हलवून उठवलं. "आप्पांना रेवाचं नाव कुणी सांगितलं?"

"मीच की. त्यांनी इचारलं, एकदाच. आन् शपथ घातली, तिला सांगू नगंस म्हणून."

"त्यानंतर सहा वर्षं होते रे ते, संज्या!"

"वाटलं, बोलतील कवातरी. त्यास्नी वाटायचं, तू येशील."

मी रडले. मग चिडले, संजूवर, आप्पांवर, सगळ्यांवर.

आप्पा, साताऱ्याहून आपलं गाव तीन तासांवर. पोरीला कडेवर घेऊन एकदा दारात उभी राहिले असते तर तुम्ही दार लावलं नसतं. हे मला आता कळतंय.

रेवाला घेऊन आले, ती थेट तुमच्या मातीला.

तुमचं चुकलं, आप्पा. माझंही चुकलं.

पाया पडते.