पहाडवाल्यांनी विष कालवलं नव्हतं

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. झऱ्यात विष कोणी कालवलं याचा निकाल कधी लागलाच नव्हता. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण ते विष, ती लढाई आणि लढणारे दोन्ही पक्ष आम्ही रचलेले होते. आम्ही म्हणजे मी आणि शाळेतली माझी मैत्रीण. झरा तेवढा खरा होता, डोंगरामागचा, त्याच्याच काठी बसून आम्ही हे सगळं रचायचो. नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं, आम्ही सहावीत होतो.

आमच्या गिरडच्या डोंगरावर दर्गा आहे आणि त्या डोंगरावर गोल गोल दगड सापडतात, कुठे सुपारीएवढे, कुठे लिंबाएवढे. कोण्या व्यापाऱ्याने दर्ग्यातल्या बाबांशी खोटेपणा केला आणि त्याच्या मालाचे दगड झाले, असं सांगतात. मैत्रिणीचं घर व्यापाऱ्याचं, बाजारात किराण्याचं दुकान. तिला ही गोष्ट ऐकली की राग यायचा. "दरवेळेस आमचेच लोक काऊन खोटे?" असं ती म्हणायची. माझं घर डोंगरामागच्या गोंडांच्या वस्तीत. घरात गोंडी, उंबऱ्याबाहेर वऱ्हाडी. माझे वडील जंगलखात्याच्या लाकूडतोडीवर जायचे. मी तिला म्हटलं, तुले नाही आवडत तं आपण दुसरी बनवू.

अशी ती सुरू झाली. डोंगराच्या पलीकडे पल्याड नावाचा एक देश होता. तिथे काफिलेवाले राहायचे, ते धुक्यावरून चालणाऱ्या उंटांवर माल लादून यायचे आणि सगळं तोलून मापून घ्यायचे, अगदी रडणंसुद्धा. आणि पहाडवाले राहायचे, त्यांच्या सावल्या संध्याकाळी त्यांच्याआधी घरी पोचायच्या आणि चूल पेटवून ठेवायच्या. काफिलेवाले तिचे, पहाडवाले माझे. पहिलं भांडण मिठावरून झालं. काफिल्याच्या राणीने मिठाच्या बदल्यात पहाडवाल्यांच्या सावल्या मागितल्या आणि आमच्या एका म्हाताऱ्या मुखियाने तिला बोकडाची सावली बांधून दिली. तिला ती फसवणूक कळली तेव्हा राणीला शिंगं फुटली होती! मैत्रीण या जागी खूप चिडली आणि मग स्वतःच हसत सुटली.

आमचा एक नियम होता. दोघींनी एकाच दगडावर हात ठेवून "झालं" म्हटल्याशिवाय पल्याडमध्ये काहीच घडायचं नाही. एकटीने कितीही बडबड केली तरी ते नुसतं बोलणं. तह झाला, झालं. उंट मेले, झालं. राणीच्या पोरीने पहाडवाल्याशी लग्न लावलं, त्यावर आम्ही चार-पाच दिवस अबोला धरला, मग झालं. मोठ्यांच्या जगात इतका प्रामाणिक इतिहास मी पुन्हा पाहिला नाही. आणि तुम्ही पाहिला असेल तर मला सांगा.

फक्त एका गोष्टीवर दोघींचे हात पडले नाहीत. शेवटच्या लढाईआधी झऱ्याचं पाणी विषारी झालं. ती म्हणे पहाडवाल्यांनी केलं. मी म्हणे, स्वतःच्या प्यायच्या पाण्यात कोणी विष कालवतं का, अक्कल आहे का तुला? ती म्हणे, मग काफिलेवाले तरी प्यायचेच ना तिथलं. भांडून भांडून आम्ही थकलो आणि तो दगड तसाच बाजूला ठेवून दिला. ठरलं नाही म्हणजे ठरलं नाही.

त्या हिवाळ्यात शाळेत एक नवे मास्तर आले. शहरातून आलेले, केस मागे वळवलेले, प्रत्येक वाक्यात "कला". त्यांना स्नेहसंमेलनासाठी नाटक हवं होतं. मैत्रिणीने त्यांना पल्याडची गोष्ट सांगितली. तिने ती मनापासून सांगितली, कौतुकाने सांगितली, हे मला मान्य आहे. मास्तर खूश झाले. पुढच्याच आठवड्यात नाटक तयार. उंट गेले, सावल्या गेल्या, बोकड तर मास्तरांना हास्यास्पद वाटला. उरलं काय, तर दयाळू राणी आणि तिच्या झऱ्यात विष कालवणारे जंगली पहाडवाले.

राणी मैत्रीण झाली. पहाडवाल्यांची मुखिया मी. का, ते मास्तरांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती, सगळ्या वर्गाला माझी वस्ती ठाऊक होती.

तालमीत मी हात वर केला. "सर, ते ठरलं नव्हतं."

"काय ठरलं नव्हतं?"

"विष कोणं टाकलं ते."

"कुणात ठरलं नव्हतं?"

"आमच्यात."

वर्ग खो खो हसला. मास्तरही हसले, अगदी प्रेमाने, आणि त्या प्रेमाने माझ्या डोक्यात आणखी तिडीक गेली. म्हणाले, "अगं, नाटकात कोणीतरी वाईट लागतंच की."

"मंग काफिलेवाले करा ना वाईट."

"राणी वाईट कशी असेल?" ते म्हणाले आणि पुढचा प्रवेश घ्यायला लागले.

हे वाक्य मी आजवर विसरले नाही. राणी वाईट कशी असेल! या माणसाला इतिहासाचं पुस्तक शिकवायला दिलं होतं. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती आईच्या जरीच्या साडीची घडी मोडून निऱ्या जमवत होती, तिने वर पाहिलंच नाही. नंतर म्हणाली, "नाटकच तं आहे. एवढं काय त्यात?"

संमेलन दुपारचं होतं. माझ्या तोंडाला तव्याखालची काजळी फासली, डोक्याला कोंबड्याची पिसं बांधली, कमरेला पळसाची पानं. आमच्या वस्तीत कोणीही असं राहत नव्हतं. माझे वडील रोज सकाळी आंघोळ करून धुतलेला सदरा घालून कामावर जायचे, पण मास्तरांनी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. मंडपात मी पाहिलं तर वडील अगदी मागे, खांबाला टेकून उभे. एक दिवसाचा रोज बुडवून आले होते. मला हात केला. काजळीत पोरगी ओळखू आली याचाच त्यांना आनंद झाला असावा.

शेवटच्या प्रवेशात राणी समोर येते आणि विचारते, डोंगरामागच्या झऱ्यात हे विष कोणी कालवलं? आणि मी गुडघे टेकून म्हणायचं, "आम्हीच कालवलं, महाराणी, आम्हाला क्षमा करा." राणी आली. विचारलं. मी उभीच राहिले. गुडघे टेकले नाहीत आणि तोंडही उघडलं नाही. मला वाटलं होतं, मी नाही म्हटलं तर ते घडणारच नाही. नियमच तसा होता. समोर साडीत उभ्या पोरीला तो नियम माझ्याइतकाच माहीत होता. ती दातओठ खाऊन पुटपुटली, "म्हण ना! म्हण ना वं!" मी म्हटलं नाही.

मग पडद्यामागून मास्तरांनी माईक हातात घेतला आणि घसा खाकरून, बाईच्या आवाजात स्वतःच म्हणाले, "आम्हीच कालवलं, महाराणी, आम्हाला क्षमा करा!" भोंग्यातून ते वाक्य बाजारापर्यंत गेलं. टाळ्या पडल्या. राणीने मला क्षमा केली.

क्षमा! ज्या गुन्ह्याचा निवाडा झाला नाही त्याची क्षमा, आणि तीही भोंग्यावर. माझा संताप त्या वेळी इतका होता की रडूही आलं नाही. मी पिसं तिथेच ओरबाडून काढली. एक मास्तरीणबाई म्हणाली, "लाजली पोर, पाठ विसरली." विसरले नव्हते. मला ते वाक्य झोपेतही आलं असतं.

घरी जाताना वडील पुढे आणि मी मागे चालत होतो. मी वाट पाहत होते की ते चिडतील, मास्तरला शिवी घालतील, निदान गोंडीत काहीतरी म्हणतील. वस्ती जवळ आली तेव्हा ते वऱ्हाडीत म्हणाले, "तोंड धुऊन घेजो. आईले दाखवू नको." त्या दिवसापासून ते माझ्याशी घरातही वऱ्हाडीतच बोलायला लागले. मी गोंडीत विचारलं तर उत्तर वऱ्हाडीत यायचं. मला वाटलं, माझी शाळा आहे, माझी सोय पाहतात.

मैत्रिणीशी मी पुन्हा खेळले नाही. तिने एकदा वाटेत अडवून विचारलं, "तू म्हटली असती तं काय बिघडलं असतं?" मी तिच्या बाजूने निघून गेले. ज्याला हे विचारावं लागतं त्याला उत्तर देऊन उपयोग नसतो, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पुढे तिचं लग्न होऊन ती लांब गेली.

मी शिकले. दोन हजार सालानंतर वर्ध्याला नोकरी लागली, नालवाडीत खोली घेतली. सुटीत गावी जायचे. आई गेल्यावर वडील एकटेच राहायचे, माझ्याकडे या म्हटलं तर एक दिवस राहून परत. एका उन्हाळ्यात मी न कळवता गेले तर घराला कडी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुहा बाप झऱ्यावर असन. दर साली ह्याच दिवसात जाते तो."

मी गेले. डोंगरामागच्या झऱ्यात वडील गुडघाभर उतरले होते, सदरा काठावर दगडाखाली दाबलेला. घमेल्याने तळाचा गाळ, कुजकी पानं, प्लास्टिकच्या पिशव्या काढून बाहेर टाकत होते. वर दर्ग्याला आलेली काही माणसं झाडाखाली बसून त्यांच्याकडे पाहत डबे खात होती. त्यातला कोणी हात लावायला उठला नव्हता.

"बाबा, हे काऊन करून राह्यले तुमी? एकटेच? पंचायतीचं काम आहे ना हे?"

"पंचायतीचं कसं? आपलं आहे."

"आपलं कसं?"

ते घमेलं उपडं करत अगदी साधेपणाने म्हणाले, "आपल्या लोकायनंच नासवलं ना हे पाणी. मंग साफ कोणं करावं?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. इतकी वर्षं. त्या मास्तराची बदली होऊन जमाना झाला असेल, त्याला ते नाटक आठवतही नसेल. राणीबाई कुठल्या तरी शहरात संसार करत असेल. आणि माझा बाप, ज्याने आयुष्यात कोणाच्या आंब्याला दगड मारला नाही, तो दर उन्हाळ्यात दोन पोरींच्या खेळातल्या पापाचा गाळ उपसत होता.

"बाबा, ती गोष्ट खोटी होती," मी जवळजवळ ओरडलेच. "असं काहीच झालं नव्हतं. मी अन् त्या दुकानवाल्याच्या पोरीनं रचलती ती! इथंच बसून रचलती. अन् आमच्या गोष्टीतही आपण विष नव्हतं टाकलं!"

"तू लहान होती. तुले काय माहीत?" ते म्हणाले. "शाळेत दाखवलं ना. मास्तरनं साऱ्यायसमोर सांगतलं."

"मास्तर खोटं बोलला!"

त्यांनी घमेलं खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "खोटं असतं तं तू तिथंच बोलली असती," ते म्हणाले. "त्या पोरीनं तुले समोर येऊन विचारलं. तू खाली मान घालून चूप राह्यली. मी मागं उभा होतो, मी पाह्यलं. तवाच समजलो, पोरीले शाळेत सारं शिकवलं असन, खरं असन म्हणूनच बोलून नाही राह्यली."

मी मान खाली घातली नव्हती. मी ताठ उभी होते. मी हे सांगितलं, पुन्हा सांगितलं, गोंडीत सांगितलं, आणि सांगता सांगता माझा आवाज इतका चढला की झाडाखालच्या माणसांनी डब्यातले हात थांबवून आमच्याकडे माना वळवल्या.

वडील घाईने काठावर आले, ओल्या हाताने माझं मनगट धरलं आणि वऱ्हाडीत म्हणाले, "हळू बोल, पोरी. लोकं पाहून राह्यले."